सतरंजीवरची जागा

हिंगणघाटात भाड्याची खोली शोधत फिरलेल्या माणसाला आपल्या आडनावाचं वजन गुंजभर चूक न होता कळतं. मी आंजीचा, वर्ध्याजवळच्या मोठ्या आंजीचा. वीज खात्यात नुकताच चिकटलो होतो. डोक्याला तेल, खांद्याला रेक्झिनची बॅग. घरोघर एकच नाटक व्हायचं आणि त्यातली माझी भूमिका मला पाठ झाली होती. खोली रिकामी आहे असं कळायचं. पाण्याचा गिलास यायचा. नोकरी पक्की आहे हे ऐकून मालक खुलायचे. मग पंख्याकडे बघत, अगदी सहज, ते विचारायचे की आडनाव काय म्हणाले. मी सांगायचो आणि माझ्या डोळ्यांदेखत ती खोली कुणाच्या तरी भाच्यासाठी राखीव व्हायची. त्या आठवड्यात हिंगणघाटात इतके भाचे उतरणार होते की रेल्वेला जादा डबे जोडावे लागले असते.

अशात कुणीतरी कापडबाजारातलं एक दुकान सांगितलं. दुकानामागे घर, घरामागे खोली. पांढऱ्या गादीवर एक लांबोडक्या चेहऱ्याचे, चष्मा कपाळावर चढवलेले गृहस्थ मांजरपाट मोजत बसले होते. मी आडनाव तोंडाशी आणून उभा राहिलो. त्यांनी मान वर केली, मला नीट न्याहाळलं आणि विचारलं,

"पुनर्जन्म मानता का तुमी?"

या प्रश्नाची तयारी मी केलेली नव्हती. म्हटलं, विचार नाही केला कधी.

ते इतके खूश झाले की हातातली मोजपट्टी त्यांनी गादीवर टाकली. "सकाळपासून पयला माणूस भेटला खरं बोलनारा. खोली तुमची."

तेवढ्यात आतल्या दारात त्यांच्या पत्नी आल्या आणि त्यांनी तो जुना प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. नवरा कापड फाडत होता. टर्र आवाज संपल्यावर तो शांतपणे म्हणाला, "खोली रिकामी आहे, हे त्याले सांगून झालं. आता नाई म्हटलं तर खोटं होते."

अशा रीतीने मी सत्याच्या आधाराने हिंगणघाटात राहायला आलो. त्यांना मी काकाजी म्हणू लागलो, पत्नीला काकू. सारा बाजार त्यांना शेठजी म्हणत असे आणि पाठीमागे बह्याड, म्हणजे खुळा.

काकूंचं मन मात्र इतक्या लवकर पालटणारं नव्हतं. संध्याकाळी दुकानाच्या मागच्या ओसरीवर चहा व्हायचा. ट्रेमध्ये तीन कप यायचे. दोन फुलाफुलांचे, एक दांडी तुटलेला. दांडी तुटलेला माझा, हे कुणी बोललं नाही, पण ट्रे अशा कोनातून माझ्यापुढे यायचा की दुसरा कप उचलायला कसरत करावी लागली असती. पहिल्याच दिवशी मी हात पुढे करणार, तोच काकाजींनी वाकून तो तुटका कप उचलला. चटके बसत होते. या हातातून त्या हातात कप नाचवत, फुंकर मारत त्यांनी चहा संपवला आणि चहा छान झाल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. काकू ट्रेचा कोन बदलून बघत, आणि काकाजींचा हात कुठूनही येऊन तोच कप गाठत असे.  ओसरीवर आम्ही तिघं, मध्ये ट्रे, आणि सगळ्यांचं लक्ष त्या एका कपावर. अखेर एके दिवशी काकूंनी नवऱ्याच्या बोटांना लावायला खोबरेल आणलं, आणि त्याच आठवड्यात बाजारातून नवा संच. सगळे कप सारखे. पहिला कप त्यांनी स्वतः माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "घ्या. नाईतर हा मानूस बोटं जाळून घेईन."

दुकान कसं चालत होतं हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नाही. एखादी बाई लुगड्यावर हात फिरवून विचारायची की रंग जाणार नाही ना. बाजारातल्या दुसऱ्या कुठल्याही गादीवरून उत्तर यायचं की बाई, तुम्ही जाल पण रंग जाणार नाही. काकाजी चष्मा खाली घेत, पदर उजेडात धरत आणि सांगत, "जाते ना. पयल्याच धुन्यात बादली लाल होईन. पन एखादं लगन निभून जाईन." गिऱ्हाईक उठून जायचं. शेजारचे दुकानदार हसायचे. पण काही महिन्यांनी माझ्या ध्यानात आलं की तीच बाई मुलीच्या लग्नाची खरेदी मात्र इथेच करायला येते, कारण या माणसाने टिकते म्हटलं की ते टिकायचं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं कसं, त्याची कथा ते फार रंगवून सांगत. तरुणपणी एकदा बुद्धपौर्णिमेची मिरवणूक दुकानापुढून चालली होती. भोंग्यावर कुणीतरी पंचशीलाचा अर्थ समजावत होतं. हत्या नको, चोरी नको, हे सगळं घरी ऐकलेलंच होतं. मग आलं, खोटं बोलणार नाही. काकाजी म्हणत, की व्यापाऱ्याच्या घरात जन्मून एवढा मोठा झालो, पण हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हातात गिऱ्हाईकाचं कापड होतं. ते खाली ठेवून म्हणाले की मघाशी सांगितलं ते चूक, हे आटतं. तेव्हापासून त्यांनी वाचायला सुरुवात केली. विहारातून पुस्तकं आणली, नागपूरहून आणली. आत्मा नाही हे पटलं. देव नाही हे पटलं. पुनर्जन्माचं काही केल्या पटेना, म्हणून त्याबद्दल दिसेल त्याला विचारायचे. कुणी म्हटलं, तुम्ही तर बौद्ध झालात, की घाईने दुरुस्ती करायचे, "झालो नाई. होऊन राह्यलो."

माझ्यावर त्यांचा फार राग होता, प्रेमाचा. घरात जन्मजात बौद्ध आयता भाडेकरू मिळाला आणि त्याला काहीच माहीत नाही. प्रतीत्यसमुत्पाद म्हणजे काय असं विचारलं की मी म्हणायचो, आईला विचारून सांगतो. निर्वाणाबद्दल विचारलं की मी मीटर रीडिंगला जायचो. एकदा वैतागून म्हणाले, "या धम्मात तू घरमालक आहे अन् मी भाडेकरू. घरमालकाले माहीत नसते छत कुठं गळते. भाडेकरूले बरोबर माहीत असते."

मी नवी मोटारसायकल घेतली तेव्हा तर कहर झाला. आंजीहून आईच्या आशीर्वादाने गाडी आणली होती, म्हणजे समोर लिंबू आणि मिरच्या लटकत होत्या. काकाजी गाडीभोवती फिरले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला.

"हे काय?"

आईनं बांधलं, म्हटलं. नजर लागू नये म्हणून.

"तुही आई बौद्ध आहे ना?"

शंभर टक्के, म्हटलं. पौर्णिमेला पांढरं लुगडं, वंदना सगळी तोंडपाठ, विहारात पहिल्या ओळीत.

"अन् नजर मानते?"

मानते.

त्यांनी त्या मिरच्यांकडे असं पाहिलं, जसं एखाद्या शास्त्रज्ञाने नव्या जातीच्या किड्याकडे पाहावं. पुढच्याच रविवारी दुकान बंद ठेवून ते माझ्या मागे मोटारसायकलवर बसले आणि आम्ही आंजीला गेलो. गाडीला लिंबू-मिरची तशीच. काढू देईनात. म्हणाले, पुरावा आहे.

माझी आई शेतात राबून रापलेली, ठेंगणी, कमरेवर हात ठेवून बोलणारी बाई. हिंगणघाटचा शेठ आला म्हणून तिने शेजारून खुर्ची मागवली. काकाजी खुर्चीवर बसले आणि पाण्याचा घोटही न घेता त्यांनी विचारलं, की बाई, तुम्ही नजर मानता, मग बौद्ध कशा? मला वाटलं, आता आई भडकणार. आई मात्र चिडली नाही. तिला कधी कुणी विचारलेलाच नव्हता असा हा प्रश्न होता, आणि उत्तर जणू तयार होतं.

"शेठजी, दीक्षा घेऊन आल्यावर माह्या सासऱ्यानं घरातले देव टोपल्यात भरले अन् नदीत नेऊन सोडले. अन् मंग घरी येऊन सारे भेले. देव कोपन, लेकरं दगावन, असं वाटे. सासू तर कितीक दिवस जेवली नाई. पन परत आनाले कोनी गेलं नाई." ती चुलीवरच्या चहाकडे वळली. "भेव काय, मले अजूनबी वाटते. मिरची बांधतो मी. पन परत आनाले नाई गेलो आमी."

"म्हंजे बौद्ध कोन?" काकाजींनी विचारलं. आवाज एकदम खाली आला होता.

"जो परत आनाले गेला नाई तो."

 परतताना वर्ध्याच्या पुढे आल्यावर काकाजी माझ्या कानाशी तोंड आणून एवढंच म्हणाले, "तुही आई मानते पन जात नाई. अन् मी?" वाऱ्यात पुढचं ऐकू आलं नाही. म्हटलं, काय? ते म्हणाले, काही नाही, समोर बघ.

त्या पुढच्याचा अर्थ कळायला मला काही वर्षं लागली. त्याआधी विहारातल्या खुर्चीबद्दल सांगितलं पाहिजे, कारण तिच्याएवढी विनोदी खुर्ची मी पाहिलेली नाही.

आमच्या वॉर्डातल्या विहारात बुद्धपौर्णिमेचा कार्यक्रम संध्याकाळी होतो. वैशाखातलं हिंगणघाट म्हणजे भट्टीच. सगळा समाज सतरंजीवर दाटीवाटीने बसतो, पंखे घामाचा वास इकडून तिकडे पोहोचवतात, आणि मंचावर मोठ्या कूलरसमोर पाहुण्यांच्या खुर्च्या. काकाजी पहिल्यांदा विहारात आले तेव्हा कार्यकर्त्यांना आनंदाचं भरतं आलं. कापडबाजारातला एवढा मोठा शेठ, दुसऱ्या समाजाचा, आपण होऊन आला. त्यांना मंचावर बसवलं, हार घातला, शाल पांघरली. वैशाखात. काकाजींनी भाषणात सांगितलं की मी पाहुणा नाही, मी शिकायला आलो आहे. लोकांना ही नम्रता इतकी आवडली की पुढल्या वर्षी ते प्रमुख पाहुणे झाले. तेव्हा ते म्हणाले की मला खाली बसू द्या. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि त्याच्या पुढल्या वर्षी पत्रिकेवर त्यांचं नाव ठळक अक्षरात आलं. जितकं ते खाली बसायला मागत, तितकी त्यांची खुर्ची उंच होत गेली.

बरं, भाषणं म्हणाल तर तीही धोक्याची. एकदा गाण्याच्या पार्टीनंतर बोलायला उभे राहिले आणि पहिलंच वाक्य, की पेटी बेसूर होती. पेटीवाला मंचाखालीच बसला होता.

एका वर्षी त्यांनी गनिमी कावा केला. कार्यक्रम सुरू झाल्यावर अंधारातून आले आणि थेट मागे, चपलांजवळ, सतरंजीच्या टोकावर मांडी घालून बसले. माझ्या शेजारीच. काय आनंद होता चेहऱ्यावर. पाच मिनिटं झाली नसतील, आमच्या तरुण सचिवाच्या नजरेला पडले. बिचारा धावत आला, दंडाला धरून उठवू लागला. काकाजी उठेनात. मग सचिवाने जे केलं ते फक्त आमचीच माणसं करू शकतात. त्याने मंचावरची खुर्ची मागे आणवली. चपलांच्या ढिगाशेजारी प्लॅस्टिकची लाल खुर्ची, तीवर हार घातलेले काकाजी, आणि त्यांच्याकडे तोंड करून वळवलेला कूलर. पुढल्या ओळीतल्या बायका गारवा मागे का गेला म्हणून वळून बघत होत्या.

आणि शाल. शाल विहाराची समिती त्यांच्याच दुकानातून घ्यायची, कारण तिथे भाव खरा सांगतात. सचिव दुकानात आला की काकाजी शाली दाखवायचे. तो एखादी उचलायचा. हे म्हणायचे, ही नको, धागा निघतो. तो गुपित राखल्यासारखं हसायचा आणि तीच घ्यायचा, कारण ती बजेटात बसायची. संध्याकाळी तीच काकाजींच्या खांद्यावर. आतल्या कपाटात अशा शालींची चळत लागली होती. विकायला काढल्या तर सांगावं लागायचं की ही मी एकदा पांघरली आहे, म्हणून विकत नव्हते.

वंदना झाली की दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा होतात. भंतेजी सांगतात, सतरंजी म्हणते. काकाजी त्याही म्हणायचे, खुर्चीवरून. खोटं न बोलण्याची प्रतिज्ञा आली की आमच्या ओळीत दरवर्षी थोडा खोकला पसरतो, आणि त्यात माझा आवाज जरा मोठा असतो. काकाजी ती मात्र छाती काढून म्हणत. पण गणपतीला देव न मानण्याची, त्याची पूजा न करण्याची जी प्रतिज्ञा आहे, तिथे ते ओठ मिटून घेत. बराच काळ हे माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याचं कारण केळझर. काकू केळझरच्या गणपतीच्या भक्त. वर्षातून एकदा, लग्नाच्या तिथीला, त्या तिथे जायच्या म्हणजे जायच्याच. काकाजी सोबत जात. एस.टी.ने वर्धा, वर्ध्याहून केळझर. टेकडीच्या पायऱ्यांपाशी ते थांबत, काकूंच्या चपला राखत आणि त्या खाली आल्या की प्रसाद खात. प्रसादाबद्दल त्यांचं मत होतं की साखरेला धर्म नसतो. वर कधी गेले नाहीत. काकूंनी आग्रहही केला नाही. दोघांचा तो करार होता आणि दोघंही तो पाळत.

मग काकू गेल्या. थोड्या दिवसांच्या आजारात, फार बोभाटा न करता. मुलगा पुण्याला, तो येऊन गेला. दुकानाच्या ओसरीवर चहाला आम्ही दोघंच उरलो. माझे वडील वारल्यावर मी आईला हिंगणघाटला आणलं होतं, तीही कधी कधी येऊन बसायची. तोवर मी लग्न करून शेजारच्याच गल्लीत घर केलं होतं, पण संध्याकाळचा चहा ओसरीवरच.

पुढच्या वर्षी लग्नाची तिथी आली. काकाजी सकाळीच स्टँडवर गेले, एकटे. या वेळी चपला राखायच्या नव्हत्या, तेव्हा ते पायऱ्या चढून वर गेले. संध्याकाळी परत आले आणि ओसरीवर बसल्या बसल्या मला सांगितलं. त्यांनी कुणापासूनही काही लपवलं नाही, हे लक्षात घ्या.

"हात जोडले मी."

गणपतीला, म्हटलं?

"ते जिथं उभी राहे, त्या जागेले. खांबाजवळ. तिनं सांगतलं होतं एकदा, मी खांबाजवळ उभी राहतो म्हून. पन पाहनाऱ्याले काय दिसते? समोर गणपतीच आहे." मग म्हणाले, "अन् दरसाल जाईन. आता सांग, ते प्रतिज्ञा मी कोन्या तोंडानं म्हनू? म्हटली तर खोटं होते. खोटं बोलाचं नाई हेबी प्रतिज्ञाच आहे."

त्यानंतर काही दिवसांनी ते स्वतःहून विहाराच्या समितीकडे गेले आणि त्यांनी दोन गोष्टी मागितल्या. या पौर्णिमेला मला खुर्ची नको, दीक्षा द्या. आणि एका प्रतिज्ञेला मी गप्प राहीन, ते चालवून घ्या. इतकी वर्षं नुसतं होऊन राह्यलो म्हणणारा माणूस एकदाचं झालो म्हणायला निघाला होता. मला वाटलं, गावजेवण घालतील.

समितीची बैठक मी कोपऱ्यात बसून ऐकली. आमचे अध्यक्ष निवृत्त मास्तर, अत्यंत सरळ माणूस. त्यांना शेठजींबद्दल किती आदर होता ते सगळ्यांना माहीत होतं, तरी अशा दीक्षेला त्यांनी विरोध केला. ते म्हणाले, की आमच्या बुढ्यांनी देव सोडले तेव्हा गावाने त्यांचं पाणी तोडलं, काम तोडलं. भीती त्यांनाही होती, प्रेम त्यांनाही होतं. कुणी म्हटलं नाही की एक देव ठेवा, चालवून घेऊ. मग आज आपण एकवीसची दीक्षा काढायची का? तरुण सचिवाने हळूच फोन पुढे केला. केळझरला कुणीतरी काढलेला फोटो फिरत फिरत समितीच्या ग्रुपवर आला होता. काकाजी हात जोडून उभे. समोर गणपती. खांब कुठे दिसतही नव्हता.

मला मास्तरांचं पटलं आणि काकाजींचंही पटलं. दोन्ही बाजू पटणं ही माझी जुनी खोड आहे, तिच्यामुळे मी कुठल्याच समितीवर टिकलो नाही. शेवटी ठरलं ते असं, की शेठजींबद्दल आदर आहे तो आहेच, त्यांनी दरवर्षीप्रमाणे प्रमुख पाहुणे म्हणून यावं.

हे सांगायचं काम माझ्यावर आलं. काकाजी ताग्यातून कापड फाडत होते. ऐकून घेतलं. कात्री खाली ठेवली.

"पाहुन्यानं काईबी मानलं तरी चालते," ते म्हणाले. "घरच्याचंच विचारतात."

त्यात कडवटपणा नव्हता. उलट मास्तर बरोबर बोलले असंच ते म्हणत राहिले, पण मग म्हणाले की आता मी येणार नाही. त्या खुर्चीवर बसणं हेही आता खोटंच झालं. आणि या माणसाने एखादी गोष्ट खोटी ठरवली की मग ती संपली, हे मला त्या तुटक्या कपापासून माहीत होतं.

पौर्णिमेच्या दुपारी मी आईला म्हटलं, की काकाजी येत नाहीत. आईकडे आता विहाराच्या खिरीचा ताबा होता. आंजीहून आलेली बाई, पण पहिल्याच वर्षी तिने इथल्या बायकांना साखर कधी टाकायची ते शिकवलं आणि तेव्हापासून मोठ्या गंजाजवळ, म्हणजे खिरीच्या पातेल्याजवळ, तिच्याशिवाय कुणी उभं राहत नसे. तिने सारं ऐकून घेतलं. मग म्हणाली, की दोन मानसं लागतात गंज उतरवायले, तू त्याईले घेऊन ये.

मी गेलो. खिरीला हात लावायला बोलावलंय म्हटल्यावर काकाजी विचारात पडले. त्यात त्यांना काही खोटं सापडेना. सदरा घालून निघाले. विहाराच्या दारातच सचिवाने गाठलं. तो बिचारा पिशवीत नवी शाल घेऊन उभाच होता, त्याने ती आनंदाने तिथल्या तिथे त्यांच्या खांद्यावर टाकली. काकाजींनी तिचा धागा ओढून बघितला. निघाला. ते विहाराला वळसा घालून मागे चुलाण्याकडे गेले. त्यांच्यामागे मी.

चुलाण्यावर खीर रटरटत होती. वर वैशाखाचं उतरतं ऊन, खाली जाळ. आई घामाने चिंब, हातात ढवळायचा लांब सराटा. काकाजी तिच्यापुढे उभे राहिले, आणि त्यांनी जे सांगितलं ते मला वाटतं इतकी वर्षं त्यांना सांगायचं होतं.

"बाई, तुमी म्हटलं होतं, परत आनाले गेला नाई तो बौद्ध. मी दरसाल जाऊन राह्यलो."

आई खीर ढवळत राहिली. तिने पोटातलं बोलायला कधी हातातलं काम थांबवलेलं मी बघितलेलं नाही.

"आमच्या टोपल्यात देव होते," ती म्हणाली. "ते सोडले आमी. तुमच्या टोपल्यात बाई आहे तुमची. ते कशी सोडसान?"

 काकाजींचा चष्मा कपाळावर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. तेवढ्यात खीर उसळून काठापर्यंत आली. आईने इकडे तिकडे पाहिलं, फडकं हाताशी नव्हतं. तिने सरळ हात वर करून काकाजींच्या खांद्यावरची शाल ओढली, दोन्ही टोकं दोन बाजूंना केली, एक स्वतःच्या मुठीत घेतलं आणि दुसरं त्यांच्यापुढे केलं.

"पाहून काय राह्यले, भाऊ? धरा इकडून. करपून राह्यली ना खीर."

तोवर ती त्यांना शेठजी म्हणत आली होती.

काकाजींनी धरलं. दोघांनी मिळून गंज उतरवला. थोडी खीर सांडली. आईने त्यांना चांगलंच झापलं, की सरळ धरता येत नाही का, एवढ्या मोठ्या माणसाला एवढं समजत नाही का. इतकी बोलणी खाताना इतका सुखी चेहरा मी कुणाचा पाहिला नाही. सचिव लाल खुर्ची घेऊन धावत आला, शेठजी, बसा म्हणाला. आईने ती खुर्ची घेतली आणि तीवर काजू-किसमिसची परात ठेवली.

काकाजी आता नाहीत. मागच्या हिवाळ्यात गेले. मुलाने त्याच्या पद्धतीने केलं, आणि विहारातली माणसं येऊन वंदना म्हणून गेली. मास्तर पहिल्या ओळीत होते. बाजारात अजून कुणी ना कुणी मला अडवून विचारतं, की काय हो, तो बह्याड शेवटी बौद्ध झाला की नाही. मी त्यांना त्या पौर्णिमेचंच सांगतो.

संध्याकाळची वंदना सुरू व्हायची वेळ झाली होती. पुढून माइकवर घोषणा होत होती, की प्रमुख पाहुण्यांनी मंचावर यावं. एकदा झाली, दोनदा झाली. काकाजी सदऱ्याच्या बाह्या वर करून, खिरीने बरबटलेली शाल खांद्यावर टाकून सराट्याने तळ खरवडत होते. शेवटी मास्तर स्वतः मंचाच्या कडेला येऊन मागे ओरडले, की अरे, पाहुणे आले का?

काकाजींनी मानही वर केली नाही.

"नाई आले," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

त्या माणसाला आयुष्यात मी कधी खोटं बोलताना ऐकलं नाही. त्या दिवशीही नाही.